साहेबांना तारीख हवीय, माझ्याकडे नुसते अंदाज आहेत. काम कधी संपेल ते सांगायचं कसं?

अंदाजपंचे
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

ऑफिसात हिशेबाची जुनी सिस्टीम काढून नवी बसवायचीय. कामं पाचच आहेत. प्रत्येकाला विचारून मी तीन-तीन आकडे घेतलेत, सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, साधारणपणे किती, आणि सगळंच बोंबललं तर किती.

अ) कुणाला काय हवंय त्याची यादी पक्की करणं - २, ४, ६
ब) जुना डेटा साफ करणं - ५, ८, १७
क) तो नव्या सिस्टीममध्ये चढवणं - ३, ६, ९
ड) नवे स्क्रीन आणि रिपोर्ट बनवणं - ६, १२, २४
इ) टेस्टिंग - ३, ५, १३

अ झालं की ब आणि ड एकदम सुरू होतात, ब नंतर क, आणि क आणि ड दोन्ही संपल्याशिवाय इ ला हात लावता येत नाही.

साहेबांनी माझ्या कागदावरचे मधले आकडे बघितले, ४ अधिक ८ अधिक ६ अधिक ५, २३ दिवस, चला, वर कळवून टाकतो म्हणाले. मला आतून वाटतंय की हे होणार नाही, पण "आतून वाटतंय" असं मीटिंगमध्ये सांगता येत नाही ना. आकड्यात कसं सांगू?

आळशीमहाराज
सोप्पंय. जो आकडा येईल त्याची दुप्पट करा आणि एकक एक पायरी वर न्या. २३ दिवस म्हणजे ४६ आठवडे. जुना जोक आहे पण माझ्या करियरमध्ये अजून खोटा ठरलेला नाही.

वाचकमात्र
हसून हसून पुरेवाट. पण आयडी अगदी विषयाला धरून घेतलाय ताई, अंदाजपंचे दाहोदरसे :)

हिशेबनीस
ताई, तुम्ही तीन आकडे घेतलेत हेच मोठं काम केलंत, बहुतेक लोक एकच घेतात आणि मग त्यालाच चिकटून बसतात. आता हे जरा सावकाश वाचा.

प्रत्येक कामाचा सरासरी वेळ असा काढायचा: सगळ्यात कमी, अधिक चार वेळा मधला, अधिक सगळ्यात जास्त, भागिले सहा. ब साठी ५ अधिक ३२ अधिक १७ म्हणजे ५४, भागिले ६, आले ९ दिवस. मधला आकडा ८ होता, सरासरी ९ आली, कारण त्या १७ ची शेपटी लांब आहे. काम लवकर संपायला मर्यादा असते हो, लांबायला नसते. असंच केलं की अ ४, क ६, ड १३, इ ६.

आता वाटा दोन. एक अ-ब-क-इ, म्हणजे ४+९+६+६ = २५. दुसरी अ-ड-इ, ४+१३+६ = २३. लांब वाट ती क्रिटिकल पाथ, तिच्यावर एक दिवस सरकला की शेवट एक दिवस सरकला. ड ला २ दिवसांची मोकळीक आहे, तिला फ्लोट म्हणतात.

पुढे आकडा किती हलतो ते. जास्तीतून कमी वजा करून सहानं भागा, ते स्टँडर्ड डेव्हिएशन. ब चं २, क चं १, अ चं ०.६७, इ चं १.६७. ही थेट बेरजेनं जोडायची नाहीत, वर्ग करून जोडायचे आणि मग वर्गमूळ. ०.४४+४+१+२.७८ = ८.२२, वर्गमूळ २.८७.

म्हणजे सरासरी २५, इकडेतिकडे २.८७. साहेबांचे २३ दिवस हे सरासरीच्या २ दिवस आधी, भागिले २.८७ म्हणजे उणे ०.७, नॉर्मलच्या, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राच्या, टेबलात बघितलं की त्या आत संपायची शक्यता २४ टक्के येते. चारातल्या तीन वेळा साहेब तोंडघशी. २८ म्हणाल तर ८५ टक्के.

अंदाजपंचे
बापरे! मधले आकडे बेरीज करून येणारी तारीख म्हणजे "साधारणपणे होईल ती तारीख" असंच मी आजपर्यंत धरून चालले होते. ती तर चारात एकदाच लागणारी निघाली.

शंकासुर
हिशेबनीस, नेहमीप्रमाणे छान समजावलंत, पण ते चार आणि सहा आले कुठून? चारच का, पाच का नाही? शाळेत विचारलं की मार बसायचा, इथे विचारून घेतो.

हिशेबनीस
शंकासुरा, रास्त प्रश्न. या पद्धतीला पर्ट म्हणतात. १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ती बांधली गेली. हजारो कामं, शेकडो कंत्राटदार, आणि बरीचशी कामं आधी कुणी केलेलीच नाहीत, म्हणून तिथे शक्यतेचं गणित घ्यावं लागलं. जवळपास त्याच वेळी, १९५७ मध्ये, ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या लोकांनी कारखान्यांच्या बांधकामासाठी आणि देखभालीसाठी क्रिटिकल पाथची पद्धत काढली. त्यांची कामं ओळखीची होती, त्यामुळे त्यांना तीन आकड्यांची गरज वाटली नाही, एकच आकडा, आणि जास्त पैसे टाकले तर तो किती कमी होईल यावर भर. पुढे दोन्ही इतक्या मिसळल्या की आता लोक एका दमात पर्ट-सीपीएम म्हणतात (सीपीएम म्हणजे क्रिटिकल पाथ मेथड).

चार आणि सहा ही मात्र सोय आहे. बीटा नावाच्या वक्राला हातानं हिशेब करण्याजोगं सोपं रूप दिलं, एवढंच.

शंकासुर
म्हणजे तेही अंदाजपंचेच :D

ओळंबा
मी साइटवरचा माणूस, कागदावरचा नाही. तीस वर्षं बांधकामात गेली. हिशेबनीससाहेबांचं गणित बरोबर असेल, माझा सवाल वेगळा आहे. ब, क आणि ड करणारी माणसं वेगवेगळी आहेत का? चार्टवर दोन बाण समांतर काढायला काय जातं, साइटवर गेलं की कळतं दोन्ही बाणांच्या टोकाला एकच सुतार उभा आहे. एका कामावर आमच्याकडे प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकचं काम समांतर दाखवलं होतं, दोघांना लागणारा फोडाफोडीचा माणूस एक. मग कसलं समांतर, एकामागून एकच झालं, आणि चार्टवर क्रिटिकल पाथची लाल रेघ भलत्याच ठिकाणी.

दुसरं म्हणजे सगळीच कामं माणसं वाढवून लवकर होत नाहीत. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, चार मुकादम उभे केले म्हणून ती चौदाव्या दिवशी येत नाही.

रात्रपाळी
ओळंबाकाकांना +१. सॉफ्टवेअरमध्ये तर त्याहून वाईट, फ्रेड ब्रूक्स नावाच्या सॉफ्टवेअरवाल्यानं १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो, कारण जुनी माणसं काम सोडून नव्यांना शिकवत बसतात.

पण मला हिशेबनीसांच्या ८५ टक्क्यांवर बोलायचंय. सर, तुम्ही फक्त लांब वाटेचा हिशेब केलात आणि दुसरी सोडून दिलीत. ड ची सरासरी १३ आहे पण स्टँडर्ड डेव्हिएशन ३ आहे, पाचांतलं सगळ्यात बेभरवशाचं काम तेच. ब आणि क मिळून सरासरी १५, डेव्हिएशन पाचाचं वर्गमूळ म्हणजे २.२४. या दोघांची शर्यत लावली तर ड मागून येतो, म्हणजे जास्त वेळ खातो, सुमारे १०० पैकी ३० वेळा! आणि टेस्टिंग तर जो उशिरा येईल त्याच्यासाठी थांबणार.

रात्री झोप येत नव्हती म्हणून शीटमध्ये दहा हजार वेळा हा प्रकल्प करून बघितला. सरासरी २५ नाही, २५.७ येते. २८ दिवसांत संपायची शक्यता ८५ नाही, ८० च्या आसपास. आणि २३ ची २४ वरून १६ वर. इथे दोनच वाटा आहेत म्हणून फरक थोडा दिसतोय, दहा वाटा एका चौकात येऊन मिळणार असतील तर त्यातली कुठली ना कुठली उशिरा येणारच.

हिशेबनीस
मान्य. एकदम मान्य. हा पर्टचा जुना दोष आहे आणि तो नेहमी एकाच बाजूला झुकतो, तारीख खरी असते त्यापेक्षा जवळ दाखवतो. व्हॅन स्लाइक नावाच्या अभ्यासकानं १९६३ मध्येच कॉम्प्युटरवर फासे टाकून, म्हणजे तुम्ही रात्री केलंत तसंच, हे दाखवलं होतं. मी हातानं करायच्या सोयीसाठी गाळलं, पण सांगायला हवं होतं.

कोपऱ्यातला
थांबा थांबा, मला एक साधी गोष्ट समजावा. एखादं काम लवकर संपलं आणि एखादं उशिरा, तर शेवटी फिट्टंफाट होत नाही का?

रात्रपाळी
एकामागून एक असलेल्या कामांत होते, थोडीफार. समांतर कामांत होत नाही. पाच मित्र एका ठिकाणी भेटून पुढे निघणार आहेत. चौघं दहा मिनिटं आधी आले आणि पाचवा दहा मिनिटं उशिरा, तर तुम्ही दहा मिनिटं उशिरा निघता. चौघांची लवकर येण्याची कमाई कुणाच्याच कामाची नाही.

कोपऱ्यातला
तो पाचवा मित्र नेहमी मीच असतो. समजलं :(

मनकवडी
मघापासून वाचतेय. सगळे हिशेबावर भांडताय, पण हिशेबात जे आकडे टाकताय ते मुळात कुणी दिले? माणसांनी. आणि इथेच खरं पाणी मुरतंय.

आपल्या कामाला लागेल त्यापेक्षा कमी वेळ धरायची माणसाला सवयच असते. १९७९ मध्ये काह्नेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी या सवयीला प्लॅनिंग फॅलसी असं नाव दिलं. पुढे १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना विचारलं की प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं जितकं बिघडू शकतं तितकं बिघडलं तर? तेव्हा म्हणाले ४८-४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे "सगळंच बोंबललं तर" या आकड्याच्याही पुढे गेले, आणि तेही सरासरीनं!

म्हणून ताई, तुमचा तो १७, २४ आणि १३ घ्या आणि ज्यांनी दिलेत त्यांना परत विचारा. "किती लागतील" असं नका विचारू. "याआधी असं काम केलं होतंस तेव्हा किती लागले" असं विचारा. माणूस पुढचं बघताना सगळं कसं नीट होईल याची गोष्ट रचतो, मागचं बघताना मात्र त्याला आपोआप आठवतं की अमुक जण रजेवर गेला होता आणि तमुक परवानगी तीन आठवडे अडकली होती.

आळशीमहाराज
सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ ला होणार होतं, १९७३ ला उघडलं. त्यांच्याकडे तीन आकडे घेणाऱ्या ताई नव्हत्या.

अंदाजपंचे
मनकवडी, आज हेच केलं. डेटा साफ करणाऱ्याला विचारलं की मागच्या वेळी किती लागले होते, तो जरा थांबला आणि म्हणाला "मागच्या वेळची गोष्ट वेगळी होती". मी म्हटलं किती ते सांग. १९. आणि मला जास्तीत जास्त म्हणून १७ दिले होते!

मनकवडी
"मागच्या वेळची गोष्ट वेगळी होती" हे वाक्य फ्रेम करून लावा.

उंबरठा_७
एवढा खटाटोप कशाला म्हणते मी. सरळ ३० टक्के वाढवून सांगायचं आणि गप्प बसायचं. साहेब १० टक्के कापणारच असतात, तरी २० उरतात.

जुनाजाणता
उंबरठाताई, हे सगळेच करतात आणि म्हणूनच कुणाच्याच आकड्याला किंमत राहत नाही. साहेबाला माहीत असतं तुम्ही वाढवलंय, तुम्हाला माहीत असतं तो कापणार, मग पुढच्या वेळी ४० वाढवता. शिवाय वाढवलेला वेळ शिल्लक राहत नाही. पार्किन्सन नावाच्या लेखकानं १९५५ मध्ये म्हटलंय तसं काम मिळालेल्या वेळात पसरतं. दहा दिवस दिले की पहिले सात दिवस "बघतो" मध्ये जातात. वेळ वाढवायचाच असेल तर प्रत्येक कामाच्या खिशात लपवू नका, शेवटी एकाच जागी उघड ठेवा आणि त्यातला रोज किती खर्च झाला ते सगळ्यांना दिसू द्या.

उंबरठा_७
उघड ठेवला की तोच आधी कापतात हो. तुम्ही बहुतेक फार चांगल्या साहेबांच्या हाताखाली काम केलंय.

जुनाजाणता
ते मात्र खरं असेल.

शंकासुर
अवांतर: क्रिटिकल पाथला मराठीत काय म्हणायचं? शब्दकोशात बघायला गेलं तर क्रांतिक मार्ग. क्रांतिक! लोक बंड करायला निघाल्यासारखे वाटतात.

ओळंबा
आम्ही साइटवर "अडणारी कामं" म्हणतो. कुठलं अडणारं आणि कुठलं चालढकल चालेल असं, एवढंच विचारतात.

वाचकमात्र
"अडणारी वाट". मला आवडलं. फ्लोटला ऐसपैस.

शंकासुर
ऐसपैस!! आजपासून हेच. "साहेब, ड ला दोन दिवस ऐसपैस आहे."

रात्रपाळी
शब्दांचा खेळ झाला असेल तर एक राहिलेली गोष्ट. आपण वर्ग करून बेरीज केली ती कामं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून. ताईंच्या केसमध्ये तसं आहे का? पहिल्याच टप्प्यात यादी अर्धवट झाली तर डेटा साफ करणाराही अडकेल, स्क्रीनवालाही आणि टेस्टिंगवालाही. सगळ्यांचा उशीर एकाच कारणानं. तशा वेळी फिट्टंफाट विसरा. अगदी टोकाची केस घ्या, सगळं एकदम लांबतं किंवा एकदम आवरतं, तर डेव्हिएशन थेट बेरजेनं जोडावी लागतात. ०.६७+२+१+१.६७ = ५.३३. मग अडणाऱ्या वाटेवरचे २८ दिवस ८५ वरून ७१ टक्क्यांवर येतात, आणि हे ड ची शर्यत धरायच्या आधी. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी.

हिशेबनीस
हा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. एवढ्या वर्षांत मी जे प्रकल्प बघितले त्यात उशिराचं कारण बहुतेक वेळा एकच असायचं आणि ते चार्टवर कुठल्याच चौकोनात नसायचं.

जुनाजाणता
पोलॅरिसचा विषय निघालाच आहे तर, हार्वी सापोल्स्की नावाच्या अभ्यासकानं १९७२ मध्ये त्या प्रकल्पाचा मागोवा घेतला. त्याचं म्हणणं असं की पर्टनं प्रत्यक्ष काम हाकण्यापेक्षा दुसरंच एक काम जास्त चांगलं केलं, बाहेरच्यांना लांब ठेवायचं. भिंतभर चार्ट आणि कॉम्प्युटरची भेंडोळी बघून वरचे लोक दिपून जायचे आणि कामात लुडबुड करायचे नाहीत.

आळशीमहाराज
म्हणजे बुजगावणं. ताई, रंगीत प्रिंट काढा.

अंदाजपंचे
मंडळी, मीटिंग झाली. ब चा शेवटचा आकडा बदलून सगळं पुन्हा करायला वेळच नव्हता, म्हणून जुनेच धरून सांगितलं: २३ दिवसांची शक्यता १६ टक्के, २८ ची ८० टक्के. साहेब पाच मिनिटं कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे २८ दिवसांत ८० टक्के काम होईल? उरलेलं २० टक्के कोण करणार?"

कोपऱ्यातला
😂😂😂

रात्रपाळी
ताई, पाच वेळा हेच काम केलं तर चार वेळा २८ च्या आत संपेल आणि एकदा नाही, असं सांगून बघा. टक्के म्हटलं की लोकांच्या डोक्यात मार्कशीट येते.

मनकवडी
किंवा एकच तारीख सांगूच नका. "२५ च्या आधी धरू नका, २८ ला बहुतेक, ३१ ला जवळपास नक्की." ऐकणारा स्वतःच ठरवतो की त्याला किती जोखीम झेपते. तारीख ठरवायचं काम साहेबांचं, शक्यता सांगायचं काम तुमचं.

अंदाजपंचे
(दोन महिन्यांनी) धागा वर काढतेय. सांगायचं राहून गेलं होतं, काम संपलं. २८ ची तारीख वर कळवली होती, लागले ३०.

गंमत अशी की साहेब रोज सकाळी येऊन डेटा झाला का, डेटा झाला का विचारत होते, कारण मीच लाल रेघेनं ती वाट काढून दिली होती. डेटाचं साफ करणं आणि चढवणं मिळून १४ दिवसांत झालं, ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच. (१९ वाल्याला बहुतेक माझ्या प्रश्नाची लाज वाटली असावी.) आणि स्क्रीनवाला, ज्याला दोन दिवस ऐसपैस होतं आणि ज्याच्याकडे कुणीच फिरकलं नाही, त्याला लागले १८. यादी ५, स्क्रीन १८, टेस्टिंग ७. झाले ३०. रात्रपाळी, तुमचे ते १०० पैकी ३०!

आता साहेब म्हणतायत तुझे ८० टक्के चुकले.

हिशेबनीस
अजिबात चुकले नाहीत. ८० म्हणजे पाचात एकदा हुकणार हे त्यातच आलं. एका प्रकल्पावरून खरं-खोटं ठरत नाही. तुम्ही ८० टक्के म्हणून दिलेल्या तारखा एका वहीत लिहीत जा, वीस झाल्या की बघा. चारेक हुकल्या तर तुमचा अंदाज झकास. दहा हुकल्या तर तुमचे जास्तीचे आकडे कमी पडतायत. एकही हुकली नाही तर तुम्ही उंबरठाताईंसारखं वाढवून सांगताय.

उंबरठा_७
माझं नाव कशाला मध्ये :)

ओळंबा
रात्रपाळींनी तो ५.३३ काढला होता ना, त्यानं बघितलं तर नुसत्या लांब वाटेलाच ३० च्या पुढे जायची शक्यता १७ टक्के निघते. म्हणजे सहातून एकदा. आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. पण माझं एक म्हणणं राहतंच. रोज सकाळी एकाच माणसाला विचारायचं आणि दुसऱ्याकडे बघायचं नाही, हे चार्टनं शिकवलं नव्हतं, ते साहेबांचं स्वतःचं. लाल रेघ रोज बदलू शकते, दर आठवड्याला झालेल्या कामाचे खरे दिवस टाकून चार्ट परत काढायला हवा होता.

अंदाजपंचे
हो काका, तो एकदाच काढून भिंतीला लावला होता. रंगीत प्रिंट.

आळशीमहाराज
मी सुचवलं होतं. क्षमस्व.

नवीनच_आलोय
उशिरा वाचला धागा, भारी आहे. रात्रपाळी, ते दहा हजार वेळा करायचं शीटमध्ये नक्की कसं करतात? मला प्रोग्रामिंग येत नाही.

रात्रपाळी
प्रोग्रामिंग लागत नाही. पाच कामांना पाच कॉलम. प्रत्येक चौकटीत शीटमधलं नॉर्मल उलट काढायचं फंक्शन (NORM.INV) टाका, त्याला तीन गोष्टी द्यायच्या: शून्य ते एकमधला रँडम आकडा, कामाची सरासरी आणि कामाचं डेव्हिएशन. सहाव्या कॉलममध्ये अ, अधिक (ब+क) आणि ड यातला मोठा, अधिक इ. ही ओळ दहा हजार ओळींपर्यंत खाली ओढा. शेवटी सहाव्या कॉलममध्ये २८ किंवा त्याहून कमी किती ते मोजा आणि दहा हजारांनी भागा. दर वेळी शीट हलली की उत्तर दशांशात थोडं बदलेल, घाबरू नका.

नवीनच_आलोय
झालं! ८०.३ आलं. परत केलं तर ७९.८. आता माझ्या कामाचे आकडे टाकतो, तीन जणांना विचारायचेत, उद्यापर्यंत देतो म्हणालेत.

मनकवडी
उद्यापर्यंत? मागच्या वेळी किती दिवस लागले होते ते विचारलंत का?